घाटाच्या गणितातून गाडीची निवड

बीएमडब्ल्यूची पेट्रोलवरची एक्स1 घ्यावी की विजेवरची आय4 सेडान? उत्तर तुमच्या रोजच्या रस्त्यात आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो; म्हणून द्रुतगती मार्गावर बुटकी, निमुळती सेडान फायद्यात राहते. घाटातलं गणित तर फारच सुंदर! दोन टनांची गाडी 600 मीटर उंच चढवायला किमान 3.3 युनिट जादा ऊर्जा लागते. उतरताना विजेच्या गाडीची मोटरच जनित्र बनते आणि त्यातली बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत येते. पेट्रोल गाडीत ती ब्रेक आणि इंजिन तापवण्यात जाते. मात्र खड्डे, उंच गतिरोधक रोजचेच असतील तर बसकी सेडान नको. घरी चार्जिंगची सोय नसेल, तर एक्स1च घ्या.