ज्योतीवाचून चूल

दूध उतू जाणे, कुकरखाली गॅस तसाच राहणे या गोष्टी वरचेवर घडू लागल्या की घरातील मंडळी रेग्युलेटर बंद करून ठेवतात. अपघात टळतो खरा. परंतु जन्मभर सांभाळलेले स्वयंपाकघरही आजींच्या हातून सुटते, आणि ते दुःख त्या सहसा बोलून दाखवत नाहीत. अशा घरी पुठ्ठ्याची सौर पेटी करून पाहावी. तिच्यात ज्योत नाही. भात तासभर अधिक राहिला तर मऊ होईल, करपणार नाही.

जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये काचेच्या पेटीत ऊन कोंडून फळे शिजवली होती. आपली पेटी त्याच तत्त्वाची. एक खोके दुसऱ्यात बसवावे. तळाशी व चारही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर जागा सोडून तीत चुरगळलेली वर्तमानपत्रे किंवा चिंध्या भराव्यात. थर्मोकोल नको, तो उष्णतेने मऊ पडतो. आतून पोळ्या गुंडाळण्याची चकचकीत फॉइल चिकटवावी, तळाशी काळा पत्रा ठेवावा. वर खिडकीची काच. तिच्या कडांना चिकटपट्टी अवश्य लावावी. खोक्याच्या झाकणालाही फॉइल लावून ते काठीच्या टेकूने असे उभे करावे की ऊन काचेवर पडेल. डबा पातळ, झाकणाचा आणि फक्त बाहेरून काळा केलेला असावा. पेटी कमरेइतक्या उंच, न डगमगणाऱ्या स्टुलावर ठेवावी.

सकाळी दहाच्या सुमारास डबा आत ठेवून दर पाऊण तासाने पेटी सूर्याकडे वळवावी. स्वच्छ उन्हात भाताला सुमारे दोन तास लागतात, मुगाच्या डाळीला थोडे अधिक. पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी घालावे. डबा काढताना सांडशी हवीच, आणि चकाकत्या झाकणाकडे रोखून पाहू नये.

काळजी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी मात्र स्वतःकडे ठेवाव्यात. राजमा या पेटीत शिजवू नये. खळखळून उकळी न आल्यास त्यातील विषारी द्रव्य नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. दुसरी गोष्ट ढगांची. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि उतारवयात अन्नविषबाधा फार जड जाते. आभाळ भरून आले की ‘शिजेल हळूहळू’ म्हणत थांबू नये. डबा लगेच काढून अन्न गॅसवर उकळून पुरे शिजवावे.

पुठ्ठा ओल धरतो, म्हणून पावसाळ्याचे चार महिने पेटी माळ्यावर. त्या दिवसांत आजींच्या शेजारी गॅसपाशी कोणीतरी उभे राहावे लागेल.