कालच्या वस्तूंचें पुराणवस्तुशास्त्र

पुराणवस्तुसंशोधन म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांस मोहेंजोदडो आठवतें. परंतु इ. स. २००३ मध्यें इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं कांहीं विद्वान् मंडळी निराळ्याच हेतूनें जमली. अलीकडील शतकांतील, किंबहुना आपल्या हयातींतील वस्तूंचाही अभ्यास याच शास्त्राच्या रीतीनें व्हावा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या मंडळास ‘चॅट’ असें म्हणतात.

ही रीत कशी, तें पाहावें. इ. स. २००६ मध्यें ब्रिस्टल येथील संशोधकांनीं चक्क एका मोटारीचें उत्खनन केलें! १९९१ सालची ती फोर्ड ट्रान्झिट गाडी आयर्नब्रिज येथील संग्रहालयाच्या कामास होती. प्रथम ती वापरली होती उत्खनन करणाऱ्यांनींच. तिचे भाग सुटे करीत, फटींत सांचलेली माती व बारीकसारीक वस्तु त्यांनीं जागेनिशीं टिपून ठेविल्या.

हें वाचून आम्हांसही हंसूं आलें. पण असल्या हंशापुढें एकटा संशोधक टिकत नाहीं; मंडळाची गरज येथेंच लागते. मंडळ चालविणें म्हणजे इमारत उभारणें नव्हे. परिषदेचा भार एकेका वर्षीं एकेका गांवच्या मंडळींनीं उचलावा, निबंध मागवावे, नवख्यासही बोलूं द्यावें, विरुद्ध मत शांतपणें ऐकावें; आणि हें सारें आपापलीं नित्याचीं कामें सांभाळून! एक वर्ष कोणी पुढें आलें नाहीं कीं सूत्र तुटलेंच.

गाडी सुटी झाली. तिचा वृत्तान्त मात्र छापला गेला. आम्हीं आमच्या वडिलांचा कंदील भंगारवाल्यास दिला, तेव्हां त्याची साधी नोंदही केली नाहीं.