मार्लेश्वरची घळ आणि धारेश्वर धबधबा

रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यातल्या मारळ गावाजवळ सह्याद्रीच्या ऐन कड्यात मार्लेश्वरचे गुहामंदिर आहे. खेडहून तिथे जाण्यासाठी चिपळूण, संगमेश्वर आणि देवरुख असा रस्ता आहे. वाहनतळापासून पुढे शेकडो दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. वाट दाट झाडीतून जाते आणि धबधबा दिसण्याआधी त्याचा आवाज कानी येतो.

गुहेचे दार बुटके असल्याने वाकूनच आत शिरावे लागते. आत विजेचा दिवा नसतो, समयांच्या मंद उजेडात पिंडीचे दर्शन होते. कपारींत सापांचा वावर असतो. ते देवाचे मानले जातात आणि त्यांना कोणी इजा करत नाही.

समोर धारेश्वर धबधबा उंच कड्यावरून कोसळतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून या कड्याचा बेसॉल्ट खडक तयार झाला. पाण्याने त्यातल्या भेगा रुंदावल्या आणि अशा घळी कोरल्या गेल्या. हे पाणी पुढे बाव नदीतून वाहते.

मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचा साखरप्याच्या गिरिजादेवीशी विवाह लागतो. त्या दिवशी मोठी गर्दी असते. निवांत पाहायचे असेल तर गणपतीनंतरचे दिवस सर्वांत चांगले: पाऊस ओसरलेला असतो, धार मात्र भरलेली. भर पावसात पायऱ्या शेवाळतात आणि पाणी अचानक वाढते, त्यामुळे धबधब्याखालच्या डोहात उतरणे जिवावर बेतू शकते.