आलं का?

पत्र्यावर एक जण, अंगणात एक जण आणि टीव्हीसमोर एक जण, अशी तीन माणसं लागायची. वरचा अँटेनाचा बांबू फिरवणार, आतला पडदा बघणार, मधला निरोप पोचवणार. "आलं का?" "आलं... गेलं! थोडं माघारी घे." भोकरच्या आमच्या घरावरची अँटेना पश्चिमेला, नांदेडकडे तोंड करून असे. चित्र कमी, मुंग्याच जास्त. तरी त्या मुंग्यांतून आम्ही राम कोणता नि लक्ष्मण कोणता ते ओळखत होतो.

आज त्याच पत्र्यावर ताटली आहे आणि ती आग्नेयेला बघते. मधल्या काळात कोणकोणती तंत्रं आली-गेली ते मोजायला बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रक्षेपणाचा मनोरा सरकार बदलतं, ते पकडणारी पेटी मात्र घरच्यांनी बदलायची असते. तंत्र टिकणार की बुडणार, ते बहुतेक वेळा त्या पेटीनेच ठरवलं आहे.

निजामाच्या राज्यातला डेक्कन रेडिओ १९५० साली आकाशवाणीत आला, तो वडिलांच्या पिढीचा. आमचा रेडिओ म्हणजे परभणी, १३०५ किलोहर्ट्झ. मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात, टेकड्यांना फारशा जुमानत नाहीत; म्हणून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवरच्या शेतातल्या आखाड्यावरही कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर बाजारभाव सांगायचा. एफएमचा आवाज स्वच्छ, पण तिची लहर जवळपास नजरेच्या रेषेत जाते. स्वच्छ आवाजाची किंमत पल्ल्यात मोजावी लागते.

उपग्रहाची गोष्ट त्याहून रंजक आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून 'साइट' हा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही लागले. शेजारचे आंध्र आणि कर्नाटक त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. तेव्हाची ताटली तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. आमच्या पत्र्यावरची जेमतेम दोन फुटांची. याचं कारण लहरीत आहे. तेव्हाची लहर ८६० मेगाहर्ट्झची, म्हणजे लांब. आताच्या केयू बँडची त्याच्या बारा-तेरापट आखूड. लहर आखूड झाली, ताटली लहान झाली. पण आखूड लहर पावसाला भिते. परतीचा पाऊस आग्नेयेकडून चढून आला की अंगणात थेंब पडायच्या आधीच पडद्यावरचा नट चौकोनी तुकड्यांत गोठतो.

मला डिजिटलचा खरा राग आहे तो इथे. जुनं प्रक्षेपण आजारी पडे, कण्हत-कुंथत चाले. नवं एक तर ठणठणीत असतं नाही तर ठार. मुंग्यांची सोय गेली.

फायदा अर्थात मोठा आहे. सगळी चौकट दर वेळी पाठवण्याऐवजी आधीच्या चौकटीत काय बदललं तेवढंच पाठवायचं, ही युक्ती साधली आणि एका वाहिनीच्या जागेत दहा-बारा मावू लागल्या. त्या हिशेबाला वेळ लागतो, म्हणून क्रिकेटमध्ये शेजारच्या घरातली आरोळी आधी ऐकू येते आणि आपल्या पडद्यावरची विकेट नंतर पडते.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने ३३ वाहिन्यांनिशी सुरू केलेली मोफत डीटीएच सेवा आज 'फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. ९३.५ अंश पूर्वेवरचा जीसॅट-१५ हा तिचा उपग्रह. ताटली आणि पेटी एकदाच घ्यायची, पुढे महिन्याचा पैसा नाही. लावायला येणारा पोरगा होकायंत्र बाळगत नाही, शेजारच्या ताटलीकडे बघतो, दहा नंबरच्या पान्याने नट सैल करतो आणि बोटभर सरकवून ओरडतो, "आलं का?" शब्द तेच, पण आता मधला माणूस लागत नाही, मोबाइल लागतो.

केबलचं डिजिटायझेशन मुंबईपासून २०१२ मध्ये सुरू होऊन ३१ मार्च २०१७ पर्यंत खेड्यांत पोचवायचं ठरलं. मग फेब्रुवारी २०१९ पासून शंभर वाहिन्यांचे करासह १५३ रुपये ४० पैसे आणि पैशाच्या वाहिन्या वेगळ्या, असा हिशेब आला. अनेकांनी त्याच महिन्यात ताटली बसवली.

उलट, २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई, औरंगाबादसह सोळा शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. त्यासाठी वेगळी पेटी किंवा डोंगल हवं होतं. ते घेतलेलं एकही घर माझ्या पाहण्यात नाही. जुने मनोरे मात्र, मोजके वगळता, मार्च २०२२ पर्यंत बंद झाले. रेडिओचंही तसंच. आकाशवाणीने डीआरएम या डिजिटल पद्धतीचे पस्तीसेक मीडियम वेव्ह ट्रान्समीटर उभारले. तो आवाज पकडणारा संच काही नव्या मोटारींत मिळतो, भोकरच्या बाजारात मिळत नाही.

आता इंटरनेटशिवाय थेट फोनवर टीव्ही आणायच्या चाचण्या चालू आहेत. त्यालाही फोनमध्ये निराळी चिप लागते.

आमच्या आखाड्यावरच्या सालगड्याकडे चिनी बनावटीचा लाल स्पीकर आहे. मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, एफएम, सगळी बटणं आहेत. गाणी तो मोबाइलच्या दुकानातून भरून आणतो. परवा मी त्यावर परभणी शोधायला बसलो. मीडियम वेव्हचा पट्टाच त्यावर नाही.