देणगीमागील संचालक मंडळ

आमच्या देणगीदारांत व्यक्तींबरोबर कंपन्याही आहेत. कासारवाडीचा परिसर कारखान्यांचा. त्यामुळे 'कंपनीचा पैसा कोण ठरविते?' असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वरचेवर विचारतात.

निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा जरी आदल्या वर्षी गाठली, तरी कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. कंपनी कायदा, २०१३ मधील ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. (केवळ स्वतःच्या कामगारांवरील उपचारांचा खर्च यात धरता येत नाही.) निर्णय संचालक मंडळाचा असतो. याच कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या व मोठ्या सार्वजनिक कंपन्या यांच्या मंडळावर किमान एक स्त्री आवश्यक केली. खासगी मर्यादित कंपन्यांवर मात्र हे बंधन नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात सुटे भाग बनविणारे अनेक कारखाने याच प्रकारचे आहेत. अशी कंपनी दोन टक्क्यांच्या नियमात बसली, तरी तिच्या मंडळावर एकही स्त्री नसणे कायद्यास चालते. शिवाय निधीची शिफारस करणाऱ्या समितीवर स्त्री असावीच, असे कोणत्याच कंपनीवर बंधन नाही.

चिंचवडच्या थरमॅक्समध्ये हा कायदा येण्यापूर्वीच, १९९६ साली, श्रीमती अनु आगा अध्यक्षा झाल्या. कंपनी अडचणीत असता एका भागधारकाचे निनावी, कठोर पत्र आले. ते त्यांनी मनावर घेतले, बाहेरील सल्लागार बोलाविले आणि मंडळाची फेररचना केली. २००४ मध्ये अध्यक्षपद कन्या श्रीमती मेहेर पदमजी यांच्याकडे गेले. २००७ मध्ये कंपनीचे सामाजिक प्रतिष्ठान उभे राहिले.

केवळ स्त्री आहे म्हणून वेगळा विचार होईलच, असे आम्ही मानत नाही. घरातील नाव म्हणून बसविलेल्या संचालिका आम्ही पाहिल्या आहेत. तरीही एक अनुभव नमूद करावासा वाटतो. यंत्रासाठी निधी मिळणे तुलनेने सोपे असते. कंपनीच्या अहवालात भांडवली मालमत्तेचा पत्ता, रक्कम व मालकी छापावी लागते, आणि यंत्र तेथे ठळक दिसते. रात्रपाळीच्या आयाबाईंच्या पगारास तसा रकाना नाही. एका बैठकीत आम्ही बाळंतिणींच्या घरभेटींचा प्रस्ताव मांडला, तेव्हा 'यंत्राचे काही असेल तर सांगा' असे उत्तर मिळाले. दुसऱ्या कंपनीतील संचालिकाबाईंनी आमची यंत्रांची यादी बाजूस ठेवून विचारले, 'बाळंतीण घरी गेल्यावर तिच्याकडे कोण पाहते?' त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरभेटी त्यानंतर सुरू झाल्या. या अहवालाच्या देणगी-तक्त्यात त्यांचा स्वतंत्र रकाना यंदा प्रथमच दिला आहे.