पडद्याच्या कोपऱ्यातील बोधचिन्ह आणि सार्वजनिक प्रसारकाचे कर्तव्य

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एका कोपऱ्यात अहोरात्र दिसणारे वाहिनीचे बोधचिन्ह आज इतके सवयीचे झाले आहे, की ते मूळ चित्राचा भाग नसून चित्रावर मागाहून बसवलेले असते, याचे भान बहुतेक प्रेक्षकांना राहत नाही. प्रक्षेपण केंद्रातून संकेत बाहेर पडण्यापूर्वी, अगदी अखेरच्या टप्प्यावर, एक यंत्र हे चिन्ह कार्यक्रमाच्या चित्रावर चढवते. त्याखालचा भाग झाकला जातो किंवा गढूळ होतो आणि नको असले तरी ते काढून टाकण्याची सोय प्रेक्षकाच्या हाती नसते. खासगी वाहिनीसाठी नाममुद्रा ही विक्रीची वस्तू असल्यामुळे तिचा हा आग्रह समजू शकतो. परंतु लोकांच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक प्रसारकाने तीच प्रथा चालू ठेवावी, याला आता सबळ कारण उरलेले नाही.

हे कारण एके काळी होते, हे मान्य केले पाहिजे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र कार्यान्वित झाले, तेव्हा पडद्यावर दिसते ते दूरदर्शनच, यात कोणालाही शंका नव्हती. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि कोणती वाहिनी कोणत्या क्रमांकावर दिसेल, हे गल्लीतला केबलचालक ठरवू लागला. त्या काळातील अ‍ॅनालॉग संकेत, म्हणजे सलग विद्युतलहरींच्या रूपात चित्र वाहून नेणारा संकेत, घरच्या संचाला वाहिनीचे नाव सांगत नसे, म्हणून कोपऱ्यातील चिन्ह हीच तिची पाटी ठरली. पुढे मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर केबलचे अंकीकरण सक्तीचे झाले आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने ते देशभर लागू झाले. अंकीय संकेतात चित्र आणि ध्वनीबरोबरच वाहिनीचे नाव आणि कार्यक्रमाचे वेळापत्रकही पाठवता येते, आणि रिमोटवरील एक कळ दाबताच ते पडद्यावर उमटते. ओळख पटवण्याचे काम संकेतानेच अंगावर घेतल्यावर चित्रावरील पाटीची गरज संपायला हवी होती. प्रत्यक्षात ती पाटी अधिक ठळक आणि क्वचित हलती झाली.

प्रेक्षकसंख्या मोजण्यासाठी चिन्ह आवश्यक असते, हा समजही टिकणारा नाही. भारतात २०१५ पासून ही मोजणी करणारी ‘बार्क’ ही संस्था ध्वनीत मिसळलेल्या आणि कानाला न जाणवणाऱ्या संकेतखुणेचा आधार घेते. निवडक घरांतील मापनयंत्र ती खूण ओळखते आणि कोणती वाहिनी चालू आहे, हे नोंदवते. या साऱ्या व्यवहारात डोळ्यांना दिसणाऱ्या चिन्हाला काहीही काम नसते.

याउलट चिन्हाचे तोटे प्रत्यक्ष आहेत. ओएलईडी पडद्यात प्रत्येक प्रकाशबिंदू स्वतः प्रकाशतो आणि वापरानुसार क्षीण होतो. एकाच जागी तासन्‌तास उजळ आकृती राहिली, तर तेथील बिंदू इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि वाहिनी बदलल्यावरही त्या आकृतीची सावली दिसू शकते. याच कारणाने काही उत्पादकांनी स्थिर चिन्ह ओळखून तेवढाच भाग मंद करण्याची योजना संचात केली आहे. मात्र सर्वांत मोठी हानी कलाकृतीची होते. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला ‘सद्‌गती’ किंवा गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका यांतील प्रत्येक चौकट प्रकाश, अंधार आणि रिकामी जागा यांचा विचार करून रचलेली आहे. अशा चौकटीतील काळोखात चकाकणारे चिन्ह नजर स्वतःकडे ओढते आणि दिग्दर्शकाने मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा बळकावते. मुंबई केंद्राच्या ‘गजरा’ किंवा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांसारख्या कार्यक्रमांचे मोल महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील दस्तऐवजांचे आहे, आणि दस्तऐवजावर शिक्का मारायचा तर तो मजकुरावर मारत नाहीत.

या शिक्क्याचा परिणाम पुढच्या पिढ्यांपर्यंत जातो. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत असंख्य कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा ध्वनी आज उपलब्ध आहे, तो प्रेक्षकांनी घरी करून ठेवलेल्या मुद्रणांमुळे. मूळ प्रत नष्ट झाल्यावर प्रक्षेपित प्रत हाच पुरावा उरतो, आणि तिच्यावर चिन्ह कोरलेले असेल, तर त्याखाली झाकलेले चित्र कायमचे गेलेले असते.

प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्याने लोकांना माहिती देणे, शिक्षित करणे आणि त्यांचे रंजन करणे हे सार्वजनिक प्रसारकाचे कर्तव्य ठरवले आहे; अखंड आत्मप्रसिद्धी त्यात बसत नाही. शिवाय सतत दिसणारे चिन्ह तटस्थ राहतेच असे नाही. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या काळात, डीडी न्यूजच्या चिन्हाचा रंग लालऐवजी भगवा झाला, तेव्हा विरोधकांनी त्यात राजकीय हेतू पाहिला आणि प्रसार भारतीने तो केवळ दृश्यसौंदर्याचा निर्णय असल्याचे सांगितले. यातील कोणतीही बाजू खरी मानली, तरी जे चिन्ह क्षणभरही दृष्टीआड होत नाही, त्याच्या रंगालाही अर्थ चिकटतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

बीबीसी वन आणि बीबीसी टू या वाहिन्या ब्रिटनमध्ये असे कायमस्वरूपी चिन्ह न दाखवताही आपली ओळख टिकवून आहेत, त्यामुळे ही अपेक्षा अव्यवहार्य ठरत नाही. बातम्यांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर संदर्भाविना फिरतात, म्हणून वृत्तप्रसारणात आणि थेट प्रक्षेपणात चिन्ह राहणे उचित आहे. चित्रपट, नाटक, मालिका, संगीत आणि जुने मुद्रण यांच्या बाबतीत मात्र कार्यक्रमाच्या आरंभी आणि प्रत्येक विश्रांतीनंतर काही क्षण चिन्ह दाखवून ते मागे घेणे पुरेसे आहे. यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही, कारण जे यंत्र चिन्ह चढवते तेच ते उतरवूही शकते; लागतो तो प्रसार भारतीचा निर्णय, आणि तो मागण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकाला आहे.