जलजीवालय, सागरी : तळटाकी व आश्रयकक्ष

सागरी जलजीवालयाच्या मुख्य टाकीखाली ठेवलेली व नळांनी तिच्याशी जोडलेली दुसरी टाकी म्हणजे तळटाकी होय. व्यवहारात तिला सम्प म्हणतात. शैवले व सूक्ष्म प्राणी माशांपासून सुरक्षित राहून वाढावेत यासाठी तळटाकीत राखलेला भाग म्हणजे आश्रयकक्ष किंवा रेफ्युजियम. तळटाकीमुळे पाण्याचे एकूण आकारमान वाढते व उपकरणे दृष्टीआड राहतात. आश्रयकक्षामुळे पाण्यात साचणारी पोषक द्रव्ये शैवलांच्या रूपाने बाहेर काढता येतात.

इतिहास : वनस्पती, मासे व गोगलगाई यांचा समतोल साधल्यास बंद टाकीतील पाणी दीर्घकाळ चांगले राहते, हे इंग्लंडमधील रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये दाखविले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक जलजीवालय उघडण्यात आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी प्रवाळभित्तीच्या प्रतिकृतीतील पाणी शैवलांच्या थरावरून वाहवून शुद्ध करण्याची पद्धत विकसित केली. आजच्या आश्रयकक्षामागील तत्त्व हेच आहे.

आवश्यकता : मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दाराशीच समुद्र होता. याउलट छत्रपती संभाजीनगरजवळील (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूज हे औद्योगिक गाव समुद्रापासून सरळ रेषेत सु. २५० किमी. आत आहे. तेथे येणारे पाणी गोदावरीवरील जायकवाडी जलाशयाचे, उन्हाळा ४० से.च्या वर जाणारा व हवा कोरडी. अशा ठिकाणी बिघडलेले पाणी ताबडतोब बदलणे शक्य नसते. शिवाय पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान व लवणता झपाट्याने बदलतात. म्हणून लहान टाकीलाच तळटाकीची गरज अधिक असते.

रचना : उदाहरणादाखल ६० × ३० × ३६ सेंमी. आतील मापांची मुख्य टाकी घेऊ. काठाखाली ४ सेंमी. जागा मोकळी ठेवल्यास तीत सु. ५७ लि. पाणी मावते. तिच्याखाली ६० × ३० × ३० सेंमी.ची काचेची तळटाकी ठेवून २० सेंमी. उंचीच्या दोन काचांनी तिचे तीन कप्पे करतात. वरून उतरणारे पाणी प्रथम १८ सेंमी. लांबीच्या कप्प्यात पडते. तेथे गाळणी व सेंद्रिय द्रव्ये फेसाबरोबर वेगळी करणारे स्किमर हे उपकरण असते. मधला ३२ सेंमी.चा कप्पा हा आश्रयकक्ष. शेवटच्या १० सेंमी.च्या कप्प्यातील पंप पाणी परत वर चढवितो. वाळू व खडक यांची जागा न वगळता तळटाकीत सु. ३५ लि. पाणी राहते, म्हणजे एकूण पाणी निम्म्याहून अधिक वाढते. मुख्य टाकीतील पाणी तासाला तीन ते पाच वेळा फिरेल एवढा प्रवाह पुरेसा होतो. पाणी उतरण्यासाठी मागील काचेला वरच्या बाजूस छिद्र पाडतात. साधी काच या कामी चालते. कठिणीकृत (टफन्ड) काच छिद्र पाडताना फुटते.

वीज खंडित होणे : तळटाकीची खरी कसोटी पंप बंद पडल्यावर लागते. परतीच्या नळाचे तोंड पाण्याखाली असल्यास वक्रनलिकेच्या तत्त्वाने त्या खोलीपर्यंतचे पाणी उलट खाली येते. तोंड २·५ सेंमी. खोल असेल, तर ४·५ लि. आणि नळांतील सु. १ लि. मिळून ५·५ लि. पाणी उतरेल व तळटाकीतील पातळी सु. २३ सेंमी. होईल. तोंड ८ सेंमी. खोल ठेवल्यास पातळी २८ सेंमी.च्या वर, म्हणजे काठाजवळ जाईल. यास्तव तोंड पृष्ठभागालगत ठेवून नळाला पृष्ठभागाच्या किंचित खाली हवा शिरण्यासाठी छिद्र पाडतात. एकदिशा झडपेत मीठ व शैवल साचत असल्यामुळे केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. याउलट, उतरणीचा नळ तुंबल्यास पंप आपल्या कप्प्यातील सर्व पाणी वर ढकलतो. हा कप्पा ५·४ लि.चा आणि मुख्य टाकीतील मोकळी जागा ७·२ लि.ची असल्याने पाणी सांडत नाही. मासे सोडण्यापूर्वी साध्या पाण्याने दोन्ही प्रसंग मुद्दाम घडवून पाहणे इष्ट ठरते. खारे व उबदार पाणी ऑक्सिजन कमी धरते (२५ से.ला लिटरमध्ये सु. ६·८ मिग्रॅ.), त्यामुळे विद्युत् घटावर चालणारा हवापंप हाताशी असावा लागतो.

आश्रयकक्ष : माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे जंतू प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नायट्रेट व फॉस्फेट शोषून शैवले वाढतात. वाढ वेळोवेळी कापून काढली म्हणजे ही द्रव्ये पाण्याबाहेर जातात. कापलीच नाहीत, तर उपयोग उरत नाही. जाळीदार वाढणारे कीटोमॉर्फा हे शैवल सोयीचे असते. कॉलर्पा वेगाने वाढते, परंतु प्रजोत्पादनाच्या वेळी अकस्मात विरघळून शोषलेली द्रव्ये पुन्हा पाण्यात सोडते. ८ ते १० सेंमी. जाडीच्या बारीक वाळूच्या ऑक्सिजनविरहित तळथरात काही नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर होते. कोपेपॉडसारखे सूक्ष्म कवचधारी येथे वाढतात व प्रवाहाबरोबर वर जाऊन माशांचे खाद्य बनतात. या कक्षातील दिवा रात्री लावल्यास प्रकाशसंश्लेषणात कार्बन डाय-ऑक्साइड वापरला जाऊन पाण्याचा पीएच रात्री फारसा घटत नाही.

पाणी व लवणता : नळाचे पाणी व्यस्त परासरणाने (आरओ) शुद्ध करून त्यात कृत्रिम सागरी मीठ विरघळवितात. सागरजलाच्या १ किग्रॅ.मध्ये सु. ३५ ग्रॅ. लवणे असतात व त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट इत्यादींचा समावेश असल्यामुळे खाण्याचे मीठ चालत नाही. बाष्पीभवनात मीठ मागेच राहते, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालतात. पाण्याची घट पंपाच्या कप्प्यातच दिसते : १ लि. पाणी उडाल्यास तेथील पातळी सु. ३·३ सेंमी.ने खाली जाते. उन्हाळ्यात तळटाकीवर पंखा सोडल्यास पाणी थंड होते, मात्र भर रोज घालावी लागते.

निर्बंध : दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ तसेच समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली २००१ पासून संरक्षण आहे. म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळखडक आणता येत नाहीत. मृत्तिकेचे सच्छिद्र तुकडे जंतूंच्या वाढीस चालतात. कापलेली शैवले ओढ्यात अथवा समुद्रात टाकू नयेत. मोनॅको येथे १९८४ मध्ये आढळलेले कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे जलजीवालयातील शैवल पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरले व तेथील मूळ सागरी गवताला हानिकारक ठरले.